कापूस कोणाकडून घ्यावा, काम कोणाला द्यावे?

चांदूर रेल्वे हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावर आहे. याच जिल्ह्यात चांदूर बाजार नावाचे दुसरे गाव असल्याने स्थानकाची खूण गावाच्या नावाला कायमची जोडली गेली. भुसावळ ते नागपूर हा लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर वऱ्हाडातील कापूस बैलबंडीतून स्थानकापर्यंत आणि तेथून मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागला. बडनेरा, चांदूर, धामणगाव, पुलगाव या स्थानकांच्या आसपासची बाजारपेठ या वाहतुकीवर वाढली.

आज या पट्ट्यात सोयाबीन आणि तूर यांचा पेरा मोठा असला, तरी कापूस हेच हिवाळ्यातील मुख्य रोख पीक आहे. त्यावर चालणारा उद्योग म्हणजे जिनिंग-प्रेसिंग. कापसातून सरकी वेगळी करणे आणि रुईच्या गठाणी बांधणे हे त्याचे काम. या उद्योगापुढे प्रत्येक हंगामात दोन प्रश्न उभे राहतात. कच्चा माल कोणत्या मार्गाने घ्यावा, हा पहिला. कामावर कोणाला घ्यावे आणि त्यांना कसे वागवावे, हा दुसरा. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हे दोन विषय वेगळ्या प्रकरणांत येतात. एक खरेदी विभागाचा, दुसरा मनुष्यबळ विभागाचा. कापसाच्या धंद्यात मात्र ते वेगळे राहत नाहीत. शेतात कापूस वेचणारी आणि कारखान्यात तो निवडणारी बहुधा एकाच गावची, कित्येकदा एकाच घरची माणसे असतात. तिकडे झालेला अन्याय इकडे मालाच्या प्रतीत दिसतो.

बाजाराची पूर्वपीठिका

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व मागणी आली. परदेशी बाजारात हा कापूस अमरावतीच्या नावाने ओळखला जाई. मागणीबरोबर फसवणुकीचे प्रकारही आले. खोटी वजने, मनमानी कट्टी, धर्मादायाच्या नावाखाली होणारी कपात यांनी शेतकरी नाडला जाई. नियंत्रित बाजाराचा भारतातील आरंभ याच भूमीत झाला. १८८६ मध्ये कारंजा (आता वाशीम जिल्ह्यात) येथील कापूस बाजार नियंत्रणाखाली आणला गेला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा लागू झाला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्या महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्याखाली चालतात. चांदूर रेल्वे येथेही अशी समिती आहे.

स्वातंत्र्यानंतरचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे कापूस एकाधिकार खरेदी योजना. १९७१ च्या कायद्यानुसार १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यातील सर्व कापूस एकाच यंत्रणेला विकणे शेतकऱ्यांवर बंधनकारक झाले. लहान शेतकऱ्यालाही मोठ्याइतकाच भाव मिळावा, दलालाने त्याला अडवू नये, हा हेतू होता. काही वर्षे तो बऱ्याच अंशी साधलाही. पुढे चुकारे लांबू लागले. शेजारच्या राज्यांत भाव जास्त असला की येथील कापूस सीमेपलीकडे जाई; तेथे भाव पडला की उलट बाहेरचा कापूस खरेदी केंद्रांवर येई. तोटा साचत गेला आणि २००२ मध्ये खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची परवानगी मिळून योजनेचे एकाधिकार स्वरूप संपले.

या तीस वर्षांच्या अनुभवातून एक धडा निघतो. सर्वांना सामावून घेणारी व्यवस्था केवळ हेतूवर टिकत नाही. वेळेवर पैसा देण्याची ताकद आणि मालाच्या प्रतीनुसार भाव देण्याची शिस्त तिच्यामागे नसेल, तर जिच्यासाठी ती उभारली ती माणसेच तिच्यापासून दूर जातात.

खरेदीचे मार्ग

एकाधिकार संपल्यानंतर कारखानदाराला आपला पुरवठा स्वतः उभा करावा लागला. आज त्याच्यापुढे साधारणपणे पाच मार्ग असतात.

पहिला मार्ग बाजार समितीतील लिलावाचा. माल उघड्यावर दिसतो, बोली लागते, वजन मापाऱ्याच्या काट्यावर होते. खरेदीदाराला हवा तेवढा माल हव्या त्या दिवशी घेता येतो आणि हवा नसेल तर थांबता येते. उणीव अशी, की एका गाडीत दोन-तीन शेतांचा, दोन-तीन वेचण्यांचा कापूस मिसळलेला असू शकतो. तो कोठून आला आणि कसा साठवला गेला, हे कळत नाही.

दुसरा मार्ग खेडा खरेदीचा. व्यापारी किंवा त्याचा माणूस गावात काटा लावतो, रोख पैसे देतो आणि माल उचलतो. ज्याच्याकडे पाच-सहा क्विंटलच कापूस आहे, त्याला गाडीभाडे परवडत नाही. त्याला हा मार्ग सोयीचा वाटतो. घरात आजारपण, मुलांची फी किंवा सावकाराचा तगादा असेल तर त्याच दिवशी हाती पडणारी रोकड मोलाची ठरते. पण येथे भाव ठरवताना दुसरा बोलीदार नसतो आणि काट्यावर देखरेख नसते. कारखान्यालाही असा माल प्रतवारी न करता, एकगठ्ठा मिळतो.

तिसरा मार्ग हमीभावाच्या खरेदीचा. १९७० मध्ये स्थापन झालेले भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) बाजारभाव हमीभावाखाली गेला की खरेदीत उतरते. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला होता. या व्यवस्थेत जिनिंग कारखाना खरेदीदार नसतो. महामंडळ त्याचे आवार आणि यंत्रे कराराने घेते. कापूस, रुई आणि सरकी महामंडळाची असते आणि कारखान्याला प्रक्रियेचा दर मिळतो. भावाच्या चढउताराची जोखीम राहत नाही, तसा नफ्याचा वावही राहत नाही.

चौथा मार्ग शेतकरी उत्पादक कंपनीचा. कंपनी कायद्यात २००२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने उत्पादक कंपनी हा प्रकार अस्तित्वात आला. किमान दहा उत्पादक एकत्र येऊन अशी कंपनी नोंदवू शकतात. सभासद व्यक्ती असतील तर भाग कितीही असोत, प्रत्येकाला एकच मत असते. २०२० मध्ये केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना जाहीर केली. राज्यात जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘स्मार्ट’ प्रकल्प सुरू झाला आणि त्यात कापसासाठी स्वतंत्र काम हाती घेण्यात आले. या मार्गात कापूस गटाने, एकाच वाणाचा, वेचणीनुसार वेगळा ठेवून आणता येतो. अडचण भांडवलाची असते. सभासदाला दारात पैसे हवे असतात आणि कंपनीला कारखान्याकडून पैसे येईपर्यंत थांबावे लागते.

पाचवा मार्ग प्रमाणित कापसाचा. सेंद्रिय किंवा तत्सम प्रमाणपत्र असलेला कापूस ठरावीक गटांकडून, हंगामाआधी बोलणी करून घेतला जातो. नोंदी, तपासण्या आणि मालाचा माग ठेवण्याचा खर्च त्यात असतो. त्याला ठरलेला ग्राहक असेल तरच तो परवडतो.

सूतगिरण्यांपुढे आयातीचा आणखी एक मार्ग असतो. २०२५ मध्ये १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर या काळात कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ करण्यात आले होते. चांदूरसारख्या गावातील जिनिंग कारखान्याला आयातीचा थेट उपयोग नाही. मात्र गिरणीला बाहेरची रुई स्वस्त मिळाली की येथील गठाणीचा भाव खाली येतो. म्हणून खरेदीची आखणी करताना त्याकडेही लक्ष ठेवावे लागते.

तुलना कशी करावी

मार्गांची तुलना करताना पहिली चूक होते ती क्विंटलच्या भावाकडेच पाहण्याची. कारखाना कापूस विकत घेतो, पण विकतो रुई आणि सरकी. म्हणून हिशेब गठाणीमागे मांडला पाहिजे. एक गठाण १७० किलोची असते. कापसात रुईचा उतारा ३४ टक्के असेल तर एका गठाणीला ५०० किलो कापूस लागतो. उतारा ३३ टक्के असेल तर सुमारे ५१५ किलो. ८,११० रुपये भावाने या १५ किलोंची किंमत १,२१६ रुपये होते. त्यातून जादा निघणाऱ्या सरकीची किंमत वजा केली तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही. क्विंटलमागे पन्नास रुपये स्वस्त मिळालेला कापूस गठाणीत महाग पडू शकतो तो असा.

दुसरी बाब ओलाव्याची. सीसीआयच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा पूर्ण भावास पात्र ठरतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात होते आणि १२ टक्क्यांहून अधिक ओला कापूस घेतला जात नाही. या कपातीमागील गणित सरळ आहे. ८ टक्के ओलाव्याच्या क्विंटलभर कापसात ९२ किलो कोरडा माल असतो, १२ टक्क्यांच्या कापसात ८८ किलो. ८,११० रुपयांच्या हिशेबाने दुसऱ्याची वास्तव किंमत सुमारे ७,७५७ रुपये होते. खेडा खरेदीत ओलावा यंत्राने मोजलाच जात नाही; व्यापारी अंदाजाने भाव पाडतो. ज्याने कापूस नीट वाळवला त्यालाही तोच भाव मिळतो, आणि मग पुढच्या वर्षी वाळवण्याचे श्रम कोणी घेत नाही.

तिसरी बाब स्वच्छतेची. कापसात मिसळलेला प्लास्टिकच्या पोत्याचा धागा, केस, सुतळी किंवा पाचोळा जिनिंगमध्ये पूर्ण निघत नाही. तो सुतात जातो आणि कापड रंगवल्यावर डागासारखा उमटतो. गिरणी अशा रुईला कमी भाव देते. हा दोष खरेदीच्या काट्यावर दिसत नाही. तो वेचणीच्या वेळीच टाळावा लागतो.

चौथी बाब खात्रीची. समजा एखादा कारखाना हंगामात २०,००० क्विंटल कापसावर प्रक्रिया करतो. ३४ टक्के उताऱ्याने त्याच्या ४,००० गठाणी होतील. त्यासाठीचा सगळा माल रोजच्या लिलावावर अवलंबून ठेवला, तर आवक थांबल्यावर यंत्रे आणि माणसे दोन्ही बसून राहतात. सगळा माल एकाच व्यापाऱ्याकडून घेतला, तर भाव तो ठरवतो. म्हणून काही भाग गटांशी आधी बोलून ठेवलेला, काही भाग लिलावातून घेतलेला आणि उरलेल्या क्षमतेवर महामंडळाचे काम, अशी विभागणी जोखीम कमी करते. कोणता भाग किती असावा हे कारखान्याच्या भांडवलावर आणि गोदामावर ठरते.

पाचवी बाब सहसा तक्त्यात येत नाही. या मार्गावर कोणाचा कापूस पोहोचू शकतो आणि कोणाचा नाही, ही ती बाब होय.

कागदावर नसलेले उत्पादक

हमीभावाने कापूस विकण्यासाठी शेतकऱ्याची नोंदणी लागते. त्यासाठी आधार, जमिनीचा आणि पिकाचा अभिलेख, बँक खाते आवश्यक असते. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयने ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर नोंदणी आणि दिवस ठरवून घेण्याची पद्धत आणली. व्यापाऱ्याने शेतकऱ्याच्या नावावर माल विकू नये यासाठी अशी पडताळणी हवीच. पण तिच्या बाहेर राहणारी माणसे वऱ्हाडात थोडी नाहीत. बटाईने किंवा मक्त्याने शेत करणाऱ्याचे नाव सात-बारावर नसते. पती गेल्यावर शेती सांभाळणाऱ्या स्त्रीचा फेरफार कित्येक वर्षे रखडलेला असतो. पेरणीपासून वेचणीपर्यंत राबणाऱ्या गृहिणीचे नाव मालक म्हणून कोठेच नसते. हमीभावाचा दरवाजा बंद असल्याने ही माणसे खेडा खरेदीकडे वळतात. ज्यांना भावाची सर्वाधिक गरज, तीच सर्वांत कमी भावाच्या मार्गावर जातात.

हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवड येथे स्त्रियांचे मोठे अधिवेशन भरवले आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ चालवली. पतीने आपणहून जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा, हा तिचा आशय होता. १९९२ मध्ये राज्य सरकारने याच नावाची योजना आणून पत्नीचे नाव सात-बारावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याचा मार्ग मोकळा केला. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क मिळाला. कायदा आहे, तलाठ्याच्या दप्तरात तो उतरण्यास वेळ लागतो.

येथे उत्पादक कंपनीच्या मार्गाचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. कायद्यातील ‘उत्पादक’ या शब्दाची व्याख्या जमिनीच्या मालकीवर आधारलेली नाही. प्राथमिक उत्पादनाशी संबंधित काम करणारी कोणतीही व्यक्ती उत्पादक ठरू शकते. म्हणजे सात-बारा पतीच्या नावे असलेली स्त्री किंवा मक्त्याने शेत करणारा शेतकरी अशा कंपनीचा सभासद होऊ शकतो, माल देऊ शकतो आणि मतही देऊ शकतो. कंपनीच्या पोटनियमांत मात्र हे स्पष्ट असले पाहिजे. अनेक ठिकाणी सभासदत्वाच्या अर्जासोबत सात-बारा मागण्याची प्रथा पडते आणि कायद्याने उघडलेली वाट कार्यालयात बंद होते. कारखान्याने गटाशी करार करतानाच सभासद कोण आहेत, त्यांत स्त्रिया व बटाईदार किती आहेत, पैसा कोणाच्या खात्यात जातो, हे विचारले तर ती वाट उघडी राहते.

कारखान्याच्या आत

जिनिंगचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात कायम नोकर थोडे आणि हंगामी मजूर पुष्कळ असतात. फिटर, यंत्रचालक, ग्रेडर ही कामे पुरुषांकडे; कापूस पसरणे, कवडी आणि केर निवडणे, यंत्रापुढे कापूस टाकणे ही कामे स्त्रियांकडे; चढउताराचे काम हमालांकडे, अशी वाटणी जुनी आहे. जिल्ह्याच्या उत्तरेकडील मेळघाटातून कोरकू कुटुंबे हंगामात कामासाठी सपाटीवर येतात. बहुतेक भरती मुकादमामार्फत होते.

ही वाटणी स्वभावधर्माची नव्हे, व्यवस्थेची आहे, हे दाखवणारे एक उदाहरण कायद्यातच सापडते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २७ ने कापूस दाबण्याच्या कारखान्यात ज्या भागात कापूस पिंजणारे यंत्र चालते, तेथे स्त्रियांना कामावर ठेवण्यास मनाई केली होती. पदर किंवा केस यंत्रात अडकण्याचा धोका खरा होता. परंतु त्याच कलमात पुढे सवलत होती. कापूस टाकण्याची बाजू आणि तो बाहेर पडण्याची बाजू यांच्यामध्ये छतापर्यंत किंवा निरीक्षक ठरवील तेवढ्या उंचीची भिंत असेल, तर टाकण्याच्या बाजूला स्त्रिया काम करू शकत. म्हणजे जे काम स्त्रीला निषिद्ध होते ते एका भिंतीने खुले होत असे. ज्या मालकाने भिंत बांधली त्याला कामगार मिळाले. ज्याने बांधली नाही त्याने ‘हे बायकांचे काम नाही’ असे म्हटले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता देशात लागू झाल्या आणि १९४८ च्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. तिच्यानुसार स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामांवर घेता येते. सायंकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ पूर्वी काम द्यायचे तर त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था लागते. पन्नासहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची तरतूद आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व १९७६ पासून कायद्यात आहे आणि ते वेतन संहितेत कायम राहिले. दहा किंवा अधिक जण काम करत असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्याहून लहान आस्थापनांतील स्त्रियांसाठी जिल्हास्तरावर स्थानिक समिती असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले असून खाजगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते.

हे सर्व नियम कागदावर पाळूनही कारखाना माणसांना बाहेर ठेवू शकतो. पाळणाघराची खोली आहे पण सांभाळायला कोणी नाही. समितीचा फलक आहे पण तो वाचू न शकणाऱ्या कोरकू स्त्रीला तो कोणी समजावून सांगितला नाही. रात्रपाळीची संमती मुकादमाने सगळ्यांच्या वतीने दिली, असे प्रकार घडू शकतात. मुकादमाकडून माणसे घेणे मालकाला सोपे जाते, मात्र कोणाला किती मजुरी मिळाली हे त्याच्या नजरेआड होते. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची अंतिम जबाबदारी मूळ मालकावरच येते, हे कायद्याने आधीपासून ठरवले आहे.

सामावून घेणारी कार्यपद्धती म्हणजे दयाबुद्धी नव्हे, हे वऱ्हाड-विदर्भाने पूर्वीच पाहिले आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीत तपोवन उभारले आणि बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवनाची स्थापना केली. समाजाने टाकलेल्या कुष्ठरोग्यांच्या हातांना तेथे उत्पादक काम मिळाले. बोटे गमावलेल्या हातांना पेलेल अशी कामाची मांडणी आणि विकण्याजोगी वस्तू या दोन गोष्टींवर ते प्रयोग उभे राहिले. वस्तू घेणारा गिऱ्हाईक नसता तर केवळ सहानुभूतीवर ते चालले नसते. खरेदी आणि रोजगार यांचा संबंध येथेही स्पष्ट दिसतो.

वेचणीचा दर आणि गठाणीची प्रत

या दोन प्रश्नांची गाठ सर्वांत घट्ट बसते ती वेचणीच्या जागी. वेचणीची मजुरी किलोवर ठरते. बाई जितक्या वेगाने वेचील तितके तिला मिळते. त्यामुळे दव असताना, पाचोळ्यासकट, पूर्ण न उमललेले बोंड ओरबाडून कापूस ओटीत पडतो. तिला दोष देण्यात अर्थ नाही. दर ठरवणाऱ्याने वेगाची किंमत दिली, स्वच्छतेची दिली नाही. पुढे तो कापूस प्लास्टिकच्या पोत्यात भरला जातो, कारण तेच घरात असते. मग कारखान्यात दहा बाया दिवसभर बसून केर आणि धागे निवडतात आणि त्यांची मजुरी कारखान्याला पडते. जो पैसा शेतात वाचवला असे वाटले, तो जिनिंगच्या आवारात जास्तीने खर्च होतो. आणि निवडूनही राहिलेल्या धाग्याची किंमत गिरणी कापून घेते.

याउलट कारखान्याने गटाशी आधी बोलून काही गोष्टी ठरवल्या तर चित्र बदलते. सुती कापडाच्या पिशव्या कारखान्याने पुरवाव्यात. वेचणाऱ्या स्त्रियांना डोक्याला बांधण्यास सुती रुमाल द्यावा. पहिली-दुसरी वेचणी आणि शेवटची कवडी वेगवेगळी आणावी. दव उतरल्यावर वेचणी सुरू व्हावी आणि त्यासाठी किलोमागे थोडा जादा दर द्यावा. ओलावा यंत्राने मोजून आकडा शेतकऱ्याला दाखवावा आणि कोरड्या, स्वच्छ मालाला त्यानुसार अधिक भाव द्यावा. यातील प्रत्येक खर्च मोजता येतो. उतारा, निवडीची मजुरी आणि गठाणीचा भाव यांतून होणारी बचतही मोजता येते. हा हिशेब प्रत्येक कारखान्याने आपल्या आकड्यांनी करायचा असतो. जादा भावातील हिस्सा वेचणाऱ्या बाईपर्यंत पोहोचला नाही, तर मात्र पुढच्या हंगामात स्वच्छता उरत नाही.

लहान कारखान्यासाठी क्रम

मोठ्या कंपन्यांकडे यासाठी स्वतंत्र विभाग असतात. चांदूरसारख्या ठिकाणच्या कारखान्याला पुढील क्रम पुरेसा ठरतो.

१. मागील हंगामातील खरेदी मार्गानुसार वेगळी लिहावी आणि प्रत्येक मार्गाचा गठाणीमागे खर्च काढावा. उतारा, ओलावा, निवडीची मजुरी, वाहतूक आणि अडकलेल्या पैशाचे व्याज त्यात धरावे.

२. पुरवठादारांची यादी करताना प्रत्यक्ष पिकवणारा कोण, याची नोंद ठेवावी. स्त्रिया आणि बटाईदार यांची संख्या शून्य असेल, तर ते पिकवत नाहीत असा अर्थ होत नाही. ते या मार्गावर पोहोचत नाहीत असा होतो.

३. एका किंवा दोन गटांशी लहान प्रमाणात सुरुवात करावी आणि चुकारा किती दिवसांत मिळेल हे लेखी ठरवावे. गटाला विलंब परवडत नाही. सुटे भाग किंवा पिशव्या शिवून देणाऱ्या लहान नोंदणीकृत उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत देणे २००६ च्या कायद्याने बंधनकारकच आहे.

४. पिशव्या, रुमाल, चहा-नाश्ता, सफाई यांसारखी खरेदी महिला बचत गटांकडून करता येते का, ते पाहावे. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि ‘उमेद’ अभियान यांच्याशी जोडलेले गट जिल्ह्यात आहेत. केंद्र सरकारच्या खात्यांना आणि सार्वजनिक उपक्रमांना आपल्या वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी लागते; त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्के वाटा आहे. खाजगी कारखान्यावर असे बंधन नाही, पण मोजण्याची पद्धत म्हणून ते उपयोगी पडते.

५. प्रत्येक हंगामी मजुराचे नाव कारखान्याच्या पटावर असावे आणि मजुरी त्याच्या किंवा तिच्या खात्यात जावी. मुकादमाचे कमिशन वेगळे द्यावे; मजुरीतून कापू नये.

६. कामाची वाटणी दर हंगामात एकदा तपासावी. ओलावा मोजणे, नमुने काढणे, काट्याची नोंद ठेवणे, प्रतवारी करणे या कामांना ताकद लागत नाही. नजर आणि सराव लागतो. वर्षानुवर्षे कवडी निवडणाऱ्या बाईची नजर तयार झालेली असते. तिला प्रशिक्षण देऊन ग्रेडर करता येते. बसून करता येणारी नोंदीची कामे अपंग व्यक्तीला देता येतात, मात्र काट्यापर्यंत जाणारी वाट सपाट हवी.

पुढील काळ

अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे वस्त्रोद्योगासाठी पीएम मित्र पार्क मंजूर झाले आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्धा येथील कार्यक्रमात त्याचे भूमिपूजन झाले. सूत, कापड आणि तयार कपडे एकाच ठिकाणी व्हावेत, ही त्यामागची कल्पना. परदेशी खरेदीदार आता मालाचा माग शेतापर्यंत विचारतात. कापूस कोणी पिकवला, कोणी वेचला, त्यात लहान मुलांचे श्रम होते का, मजुरी किती मिळाली, या प्रश्नांची उत्तरे ज्याच्या नोंदवहीत असतील त्याची रुई या साखळीत आधी घेतली जाईल. चांदूर रेल्वे तेथून सुमारे ३० किलोमीटरच्या परिसरात आहे आणि त्यालाही ही संधी मिळू शकते.

त्यासाठी नवे शब्द शिकण्याची गरज नाही. काटा खरा असावा, ओलाव्याचा आकडा सर्वांसमोर वाचला जावा, चुकारा वेळेवर मिळावा आणि तो राबणाऱ्याच्या हाती पडावा, एवढ्या चार गोष्टींवर हे सारे उभे आहे. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने दीडशे वर्षांत रोखीचा व्यापारी, सरकारी एकाधिकार आणि खुला बाजार असे तिन्ही पाहिले. यांपैकी ज्या व्यवस्थेने जितका काळ या चार गोष्टी सांभाळल्या, तितका काळ त्याने आपली बंडी तिच्या दारात नेली.